डब्यात बसलेला तारमास्तर

जिन्याच्या पायऱ्यांवर चपलाच चपला होत्या. काही जोड एकमेकांत घुसलेले, काही उलटे पडलेले, आणि वरच्या वळणावर कोणाची तरी कुबडी भिंतीला टेकवून ठेवलेली. कुबडी बाहेर ठेवून तो माणूस आत कसा गेला असेल, असा विचार करत मी वर चढलो. दारात एक अनोळखी इसम पहाऱ्यावर होता. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"मोबाइल बंद करा. लहरींना त्रास होतो."

ज्या घरात मी निम्मं आयुष्य चहा ढोसत आणि थापा मारत काढलं, त्या घराच्या दारात कोणी उपटसुंभ मला मोबाइल बंद करायला सांगत होता. माझं टाळकं तिथेच सरकलं. पण म्हटलं, आधी बघू तरी काय चाललंय.

पुढच्या खोलीतलं सामान भिंतीला सारून सतरंजी अंथरली होती आणि सतरंजीवर माणसं अशी खेटून बसली होती की एकाला शिंक आली तर चौघांनी हलावं. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. मला वाटलं एखादी तसबीर असेल, गेला बाजार कोणीतरी घुमत असेल. टाचा उंचावून पाहिलं तर स्टुलावर पांढरं कापड, कापडावर एक काळा डबा, आणि डब्यावर फुलं. डबा म्हणजे यूपीएस. लाइट गेली की पोटातल्या बॅटरीवर यंत्र चालू ठेवतो तो. एरवी टेबलाखाली धूळ खात पडलेला असतो आणि जाता-येता लाथा खातो. इथे त्याच्यासमोर लोक गुडघे मोडून बसले होते.

डब्यातून निघालेली एक वायर शेजारच्या ऑक्सिजनच्या मशीनला गेली होती आणि मशीनमधून निघालेली नळी आरामखुर्चीत बसलेल्या वहिनींच्या नाकात.

तेवढ्यात डबा वाजला. टिक टिक टिक टिक. चार वेळा. मग गप्प.

खोलीभर हात जोडले गेले.

वहिनी म्हणजे माझ्या दोस्ताची बायको. दोस्त आणि मी तारखात्यात एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून आख्खी नोकरी कट्ट-कडकट्ट करत घालवली. तो गेल्याला अजून वर्ष झालं नव्हतं. वहिनींची फुप्फुसं त्याच्याही आधी आखडलेली. नळी नाकातून काढली की त्यांना एक वाक्य एका दमात पुरं करता येत नसे, आणि आणखी थोडा वेळ गेला की ओठ निळे पडू लागत. मशीन चालू तर वहिनी चालू, इतका साधा हिशोब. लाइट भरवशाची नाही, म्हणून मधे डबा. आणि डबाही दगा देऊ शकतो म्हणून खोलीच्या कोपऱ्यात ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर. मी मागे आलो होतो तेव्हा तो कोपऱ्यात होता. आता त्या कोपऱ्यात माणसं बसली होती.

डबा टिकटिकायला लागला तेव्हा दुसऱ्या कुठल्याही घरात कोणीतरी म्हटलं असतं, "अरे, तो ओरडतोय, बघ जरा काय झालं." पण हे पडलं तारमास्तराचं घर. इथे टिकटिक आवाज म्हणून ऐकली जात नाही, मजकूर म्हणून वाचली जाते. नव्या संसारात, वडीलधाऱ्यांसमोर बोलायची चोरी होती तेव्हा, दोस्ताने बायकोला तारेची लिपी शिकवली होती. जेवताना दोघं ताटाच्या कडेवर बोटाने बोलत. चार टिंबं म्हणजे 'ह'. आणि हा गृहस्थ जन्मभर बायकोच्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत आला होता. गॅस बंद केलात का? हं. ऐकताय ना? हं. तो गेल्यावर काही महिन्यांनी रिकाम्या घरात डब्याने आपणहून चार टिंबं वाजवली, थोडं थांबून परत चार, परत चार. वहिनी म्हणाल्या, "हे आलेत."

ह्या चुकीचा मला राग नाही. एकट्या बाईने नवऱ्याचा हुंकार ऐकला, त्यात रागवण्यासारखं काय आहे? पुढे जे झालं त्याने मात्र तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही.

बातमी तळमजल्यावरच्या काकूंना कळली, म्हणजे जाहीर झाली. काकूंच्या ओळखीने लहरीबाबा आला. हा माणूस डब्याशेजारी गालिचाच्या तुकड्यावर बसला होता. गुडघ्यांवर जाड शाल, दाढी विंचरलेली, मनगटावर भारी घड्याळ. त्याच्यासमोर त्याने स्वतः आणलेला एक दिवा. जाडजूड लाकडी बैठकीचा, वर दुधी काचेचा गोळा, आत बल्ब. ह्याला तो आत्मदीप म्हणत असे, आणि आत्मदीपाचा प्लग डब्याच्याच पाठीतल्या मोकळ्या सॉकेटमध्ये खोचलेला. का, तर आत्म्याला उजेड लागतो.

"विद्युत म्हणजे काय?" बाबा डोळे मिटून विचारत होता. "प्राण. प्राण म्हणजे काय? लहर. लहर म्हणजेच आत्मा. मग आत्मा राहील कुठे? जिथे विद्युत साठते तिथे. हे मी म्हणत नाही. हे विज्ञान म्हणतं. बाहेरच्या देशांत सिद्ध झालंय."

ह्या न्यायाने माझ्या टॉर्चमध्ये माझे आजोबा असायला हरकत नव्हती.

वहिनींचा मुलगा पुढे सरकला. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, एरवी दुसऱ्याच्या सहीतली वेलांटी चुकली तरी पकडतो. शेवटचं वर्ष बाप-लेकांचं बोलणं नव्हतं, आणि कारण इतकं फालतू की विचारलं तर दोघांनी वेगवेगळं सांगितलं असतं. त्याने हात जोडले.

"अण्णांनी मला माफ केलं का?"

बाबाने शाल सावरली. "तारमास्तर, लेक विचारतोय. उत्तर द्या."

डबा एकदम किंचाळला. आता ती सावकाश चार टिंबं नव्हती. घाईघाईची, एकाला एक चिकटलेली टिकटिक, आणि समोर लाल दिवा भडकलेला. दोन-तीन क्षण. मग शांत.

"केलं," बाबा म्हणाला. "मोठ्या मायेने केलं."

मुलगा रडायला लागला. खोली हळहळली. मी वहिनींकडे बघत होतो, कारण डबा किंचाळत असताना मशीनची घरघर मला जराशी बसल्यासारखी वाटली होती. वहिनींनी नळी नाकाशी चाचपली, आणि पुन्हा डब्याकडे बघू लागल्या.

मग काकूंनी त्यांच्या सासूबाईंनी दागिने कुठे ठेवले ते विचारलं. बाबा म्हणाला, आत्मा वेगळ्या घरातला आहे, ह्यांची ओळख नाही, पुढच्या बैठकीला बघू. म्हणजे मेल्यावरही ओळखीशिवाय काम होत नाही म्हणायचं.

मी माणसं ओलांडत स्वयंपाकघरात गेलो. तिथे सून ओट्याला टेकून उभी होती. प्राथमिक शाळेत शिकवते. मला बघून तिने पदर सावरला नाही की डोळे पुसले नाहीत. ती रडत नव्हती, संतापली होती.

"काका, आलात होय. बघितलीत जत्रा?"

"सिलिंडर कुठाय?"

"खाली. जिन्याखाली, सायकलींच्या मागे. बाबांनी सांगितलं, लोखंडाने लहरी अडतात. ह्यांनी स्वतः उतरवला." ती दारातून नवऱ्याकडे बघत होती. "डबा वाजायला लागला तेव्हाच मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं. तो दारात आला आणि ह्यांनी परत पाठवला. डबा उघडला तर अण्णा निघून जातील. बॅटरी बदलायची नाही, प्लग काढून बघायचा नाही, पुसायचासुद्धा नाही. आणि लाइट गेली तर? मी विचारलं. तर म्हणाले, अण्णा आहेत ना आत."

"नशीब लाइट गेली नाही."

"नशिबावरच चाललंय सगळं. मी शाळेत असते तेव्हा माझं अर्धं लक्ष वर्गातल्या पंख्याकडे असतं. पंखा थांबला की माझा जीव थांबतो." तिने आवाज खाली आणला. "काका, एक सांगते. हसू नका. डब्यावर लोडचे दिवे आहेत बघा, हिरवे. आईंच्या मशीनला त्यातले दोन पेटतात. कधीही बघा, दोनच. मी पहिलीच्या पोरांना आकडे शिकवते, दिसेल ते मोजायची खोडच लागलीय मला. तो बाबा उत्तर मागतो ना, तेव्हा सगळे पेटतात आणि वर लाल. उत्तर संपलं की परत दोन. मशीन तेच, आई त्याच. मग मधेच एवढी वीज कोण ओढतं?"

"आत्मा."

"काका."

"बरं. तुझा सासरा नसावा. हयातीत तो पंख्याखाली झोपण्यापलीकडे खात्याची वीज वापरत नसे." मी तिच्याकडे बघितलं. "दिवा?"

"दिव्याशिवाय डब्याला दुसरं लावलंय काय? पण दिवा तर सारखाच जळतो. म्हणून म्हणते, दिव्याच्या बैठकीत अजून काहीतरी आहे. तुम्ही बोला ना. मी बोलले की सासूच्या जिवावर उठलेली सून होते."

"माझं कोण ऐकणार, पोरी? ह्या घरात मी सांगितलंय की समुद्रापलीकडून आलेली तार हातात घेतली तर बोटं खारट लागायची. सांगितलंय की पावसाने भिजलेली तार मी दोरीवर वाळत घालून मग वाचायचो. सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे मी थापाड्या आहे."

"मग बोलू नका. नुसतं त्याला गुंतवून ठेवा." तिने भिंतीकडे बोट दाखवलं. डब्याच्या स्टुलामागेच भिंतीत बोर्ड होता, त्यात एक सॉकेट रिकामं. "मी आईंना पाणी द्यायला जाते. दिव्याचा प्लग डब्यातून काढून भिंतीत लावते. क्षणभर मिणमिणेल, बास. दिवा जळतच राहील. त्याला कळणार नाही."

मला ही बाई शिक्षिका म्हणून का लाभली नाही, असं वाटून गेलं. माझी शाळा जरा बरी झाली असती.

मी बाहेर येऊन थेट बाबासमोर फतकल मारली आणि दोन्ही हात जोडून इतकं विनम्र तोंड केलं की ओळखीचे चार जण तिथेच सावध झाले.

"महाराज, मी ह्याचा जुना जोडीदार. आम्ही एका टेबलावर होतो. मला एकच विचारायचंय."

"विचारा. पण श्रद्धेने."

"भरपूर श्रद्धा आहे. ह्याने माझी छत्री नेली होती. ती परत मिळेल का?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. सून पाण्याचा पेला घेऊन वाकली. दिवा डोळा मिचकावावा तसा एकदा मिणमिणला.

"लहर आली," बाबा ताबडतोब म्हणाला. बघा, तयारी किती. "तारमास्तर, मित्र विचारतोय. उत्तर द्या."

डबा गप्प.

शालीखाली काहीतरी हललं. "उत्तर द्या, तारमास्तर."

डबा गप्प. दोन हिरवे दिवे, बास. आत्मदीप मात्र मस्त जळत होता. बाबाची मांडी पुन्हा हलली, मग जास्त वेळ दाबून धरल्यासारखी ताठ झाली. खोलीत कापड करपल्याचा वास यायला लागला. दिव्याच्या बैठकीखालच्या रुमालाची कड तपकिरी होत होती.

"महाराज, आत्मा पेटला वाटतं," मी म्हटलं.

बाबाने डोळे उघडले. "इथे कोणीतरी अविश्वासू बसलाय. त्याने लहर तोडली. बैठक संपली."

"तोडली नाही," सून म्हणाली. "भिंतीत लावली." आणि तिने वाकून त्याच्या गुडघ्यांवरची शाल ओढली.

बाबाच्या उजव्या पायाच्या टाचेखाली, गालिचाच्या कडेला, शिवणाच्या मशीनला असतं तसं एक चपटं पायबटण होतं. तिथून काळी वायर गालिचाखालून दिव्याच्या बैठकीत. मी दिवा आडवा केला, तो चटका लागून माझी बोटं भाजली. बैठकीच्या तळाला जाळी आणि जाळीच्या आत, लालबुंद होऊन नुकती विझत असलेली, इस्त्रीची कॉइल. बल्ब वेगळा, सदा चालू. कॉइल वेगळी, पायाने चालू. पाय दाबला की कॉइल पेटते आणि मशीन अधिक इस्त्री एवढा भार डब्याला सोसत नाही. मग तो किंचाळतो. त्याच्या भाषेत ते ओव्हरलोड. बाबाच्या भाषेत माया.

मला वाटलं आता लोक त्याला धरतील. माझी अक्कल बघा. लोक माझ्याकडे बघत होते.

"काका," मुलगा उठून उभा राहिला. "ही तुमचीच थेरं. तुम्ही घातलंत हे त्याच्यात."

"मी? आल्यापासून दहा मिनिटंसुद्धा झाली नाहीत मला."

"जन्मभर हेच केलंत. खोटं बोलून लोकांना हसवायचं. आज अण्णांचीही थट्टा."

काकू म्हणाल्या, "मलाही तसंच वाटतंय. पायाशी वायर कोणीही सरकवेल."

बाबाने मान खाली घालून क्षमाशील चेहरा केला. त्या चेहऱ्याला मी काय केलं असतं ते इथे लिहीत नाही.

"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," मी मुलाला म्हटलं. "अजिबात ठेवू नकोस. मी खोटारडा आहे, मान्य. पण हा प्लग आहे, हा डबा आहे, हे बटण आहे. तुझ्या हाताने लाव, तुझ्या पायाने दाब. अण्णा माझ्या सांगण्यावरून बोलतात की तुझ्या टाचेवरून, तुझं तूच बघ."

त्याने प्लग भिंतीतून उपटला, डब्याच्या पाठीत खोचला, आणि बटणावर पाय ठेवला तो रागाने, सगळा भार टाकून.

डबा किंचाळला. हिरवे सगळे पेटले, लाल भडकला. तेच उत्तर, तीच माया, आणि विचारणारा कोणी नाही. मुलगा डब्याकडे बघत होता. पाय काढायचं त्याला सुचलंच नाही. बाबा दोन क्षणांत पाय उचलत असे. पुढे काय होतं ते बाबाला चांगलं माहीत होतं म्हणूनच.

टिकटिक तुटून एक लांब, न थांबणारा सूर झाला. मग खट्. डबा मेला. दिवे गेले. आत्मदीप गेला. आणि मशीनची घरघर थांबली.

मशीनने स्वतःची बारीक शिट्टी वाजवायला सुरुवात केली. वहिनींनी छातीवर हात ठेवला आणि तोंड उघडलं.

"आत्मा कोपला," बाबा ओरडला. "कोणी हात लावू नका डब्याला, कोणी—"

आणि कोणी लावला नाही. शिकली-सवरली, पोराबाळांची माणसं, पन्नास तरी असतील. कोणी सिलिंडर सिलिंडर करत होतं, कोणी डॉक्टर डॉक्टर. मुलगा आईचे पाय धरून बसला होता. मी तीन वेळा उठायचा प्रयत्न केला आणि गर्दीत तीन वेळा कोणाच्या तरी मांडीवर पडलो. वहिनींच्या मानेच्या शिरा ताणलेल्या. प्रत्येक श्वासाला खांदे वर चढत होते आणि हवा आत जातेय असं दिसत नव्हतं.

सून गुडघ्यांवर रांगत स्टुलामागे गेली. ऑक्सिजनच्या मशीनचा प्लग तिने डब्यातून काढला आणि भिंतीत लावला. मशीन घरघरलं.

एवढंच. लाइट गेलीच नव्हती. सगळ्यांच्या डोक्यावर पंखा गरगरत होता, दारावरचा बल्ब चालू होता. ज्या खोलीत भिंतीभिंतीत वीज होती त्या खोलीत एक बाई वीज नाही म्हणून गुदमरत होती, आणि पन्नास डोकी एका मेलेल्या डब्याच्या तोंडाकडे बघत होती. मला सांगा, ह्याच्यावर चिडू नको तर काय करू?

वहिनींच्या ओठांवर रंग यायला वेळ लागला. तोवर कोणी हललं नाही. मुलाने आपला उजवा पाय दोन्ही हातांनी धरला होता, जणू तो दुसऱ्याचा असावा.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या. मधे थांबत, दम घेत. "ह्या माणसाचं... कळलं मला. पण ती चार टिंबं... हा यायच्या आधीपासून होती. ती... कोणाची?"

खरा प्रश्न हा होता आणि तो फक्त त्यांनीच विचारला. मला उत्तर ठाऊक होतं, पण ते माझ्या तोंडून ऐकून त्यांचा काय फायदा?

"वहिनी, तारेवर प्रत्येकाचा हात असतो. ठाऊक आहे ना? अक्षर तेच, पण पलीकडे कोण बसलंय ते आम्ही नाव न विचारता सांगायचो. त्याचा 'ह' कसा होता, वाजवून दाखवा."

त्यांनी थोडा वेळ डोळे मिटले. मग आरामखुर्चीच्या हातावर नखाने वाजवलं. टिक टिक, टिक... टिक. चौथं टिंब रेंगाळलेलं. बरोबर. गडी शेवटच्या टिंबाला नेहमी आळस करायचा. वरिष्ठांनी दहादा बजावलं तरी सुधारला नाही.

"सूनबाई, डबा चालू कर. नुसता, काही न जोडता."

डबा चालू झाला, थोडा वेळ गप्प राहिला, मग वाजला. टिक टिक टिक टिक. कात्रीने मापून कापल्यासारखी चार टिंबं. थांबून परत चार, तशीच.

वहिनी ऐकत होत्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी मान हलवली.

"हे नाहीत ते," त्या म्हणाल्या. मग दम घेऊन, "मी रात्रंदिवस... ह्याच्याशी बोलत होते. आणि तो काय सांगत होता?"

सून त्यांच्या खुर्चीशी बसली. "आई, तो सांगत होता, माझी बॅटरी संपत आलीय, बदला. दुसरं काही त्याला बोलताच येत नाही."

बाबा ह्या वेळात दारापर्यंत पोचला होता. दिवा मागे टाकून. पहारेकरी इसम त्याच्या चपला शोधत होता. आणि आता ऐका, ही थाप नाही, थाप असती तर बरं झालं असतं: जिन्यात एका माणसाने बाबाला गाठून हळूच विचारलं, "महाराज, आमच्याकडे फ्रिज मधेच घुमतो, कधी येऊन बघाल?" मी कठड्यावरून खाली जे ओरडलो ते तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं. काकूंनी मला म्हातारचळ लागला म्हणून सांगितलं. वर म्हणाल्या, "काही झालं तरी काहीतरी असेलच हो आत."

होतं ना. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने झाकण काढलं तेव्हा आम्ही सगळे बघत होतो. आत बॅटरी होती, कुशीतून फुगलेली, एका कोपऱ्याला फाटलेली. त्याने ती तशीच ठेवून, डब्याला एक टेबल लॅम्प लावून, डब्याचा भिंतीतला प्लग काढला. म्हणजे लाइट गेल्यासारखं केलं. लॅम्प त्याच क्षणी विझला. डबा एक मिनिटही टिकला नाही. रोज, दिवसभर, वहिनींचा जीव ह्याच्या भरवशावर ठेवला होता. इशारा डब्याने वेळेवर दिला होता. तो पुन्हा पुन्हा देत राहिला. आम्ही त्याला फुलं वाहिली.

मुलाने खाली जाऊन सायकलींच्या मागून सिलिंडर काढला, एकट्याने वर आणला, कोपऱ्यात उभा केला, चावी फिरवून बघितली. मग आईशेजारी येऊन बसला.

"अण्णांना मला काही सांगायचं असेल असं वाटलं," तो म्हणाला.

वहिनींनी त्याच्या केसांतून हात फिरवला. "ते जिवंतपणी... कुठे कोणाला काय सांगत होते," त्या म्हणाल्या, "की मेल्यावर सांगतील? तू त्यांच्यावर रागावला होतास. ते तुझ्यावर. दोघंही हट्टी. आता पुढचं बोल. नवी बॅटरी... चांगली आणलीस ना?"

त्याने मान डोलावली.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, साधी विनंती आहे. यंत्र ओरडतं ते आपल्यासाठीच ओरडतं. सावकाश टिकटिकलं तर विचारा, लाइट गेलीय का, की बॅटरी थकलीय. घाईने किंचाळलं तर भार बघा, नको ते काय लावलंय ते काढा. सूर धरून बसलं तर आधी रोग्याचं मशीन भिंतीत लावा, भिंतीतही लाइट नसेल तर सिलिंडर उघडा, आणि मग जाणत्याला बोलवा. कोणी म्हणालं हात लावू नका, उघडू नका, विचारू नका, तर आधी त्यालाच हात लावा, त्याचं आसन उघडा आणि त्याला विचारा. गेलेल्या माणसासाठी रडावंसं वाटलं तर मोकळेपणाने रडा, त्यात लाज नाही. पण गेलेल्याच्या नावाने कोणी जित्या माणसाचा श्वास मागायला आला, तर त्याला जिना उतरवायला दोन माणसं पुरतात. एकच असलात तर मला हाक मारा. गुडघे दुखतात, पण येईन.